पेटवून दिलेली बिडी

मुकुटबनला निघाले तेव्हा वाटलं होतं, आपण दुसऱ्यांच्या घरांची माहिती गोळा करायला चाललो आहोत. परत आले तेव्हा वहीत सगळ्यांत जास्त पानं आमच्याच घराची होती. हे लिहावं की नाही, हे मला बरेच दिवस ठरवता येईना. शेवटी मावशीलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही ना माय. नाव नको टाकू फक्त." म्हणून तिचं नाव इथे नाही. बाकी जे पाहिलं, ते जमेल तसं लिहिते.

मी यवतमाळला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घर दिग्रसला. बाबा जिनिंगमध्ये फिटर आहेत, आई शिवणकाम करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. विषय प्राणिशास्त्र आहे असं एकदा सांगितलं, तेव्हापासून बाबा मिलमधल्या लोकांना सांगतात, "पोरगी ढोरायची डॉक्टर होऊन राह्यली." मीही ते दुरुस्त केलेलं नाही.

आमच्या मॅडम एका वैद्यकीय अभ्यासाला मदत करत होत्या. विषय होता गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, आणि त्यात घरातल्या धुराचा व घराण्यातून आलेल्या जनुकांचा किती हात असतो. आम्ही सहा मुलींनी गावात राहून बायकांकडून माहितीचे फॉर्म भरून घ्यायचे, प्रत्येकीच्या घराण्याचा तक्ता काढायचा आणि तयार असेल तिच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घ्यायचा, एवढं आमचं काम.

निघायच्या आधी मॅडमनी वर्गात समजावलं. या आजाराचं मूळ एका विषाणूत आहे. तो पुष्कळ बायकांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून आपसूक निघूनही जातो. काहींच्या शरीरात मात्र तो ठाण मांडतो. तो का जात नाही, याची कारणं अनेक. त्यांतलं एक तंबाखूचा धूर. स्वतः ओढलेला तर आहेच, पण दुसऱ्यानं ओढलेला आणि आपल्या श्वासात आलेलाही. त्यातलं विष रक्तातून थेट गर्भाशयाच्या मुखापर्यंत पोचतं आणि तिथली राखण ढिली करतं. आणि हे विष धुऊन काढायची शरीराची जी ताकद असते, ती सगळ्यांची सारखी नसते. कुणाची जन्मतःच मंद असते. ती आईबापांकडून येते.

"म्हणजे धूर आणि रक्त मिळून आजार ठरवतात का?" मी विचारलं होतं. वर्गात मी फार क्वचित बोलते.

"ठरवत नाहीत. धोका वाढवतात," मॅडम म्हणाल्या. "किती वाढवतात, हे अजून पक्कं कळलेलं नाही. म्हणून तर जायचं."

मी ते माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. जिनिंगमध्ये दगडाचा खडा यंत्रात गेला की ठिणगी उडते. बाबा सांगतात, ठिणगी रोजच उडते, गंजी रोज पेटत नाही. कापूस किती वाळलेला आहे आणि वारा किती आहे, त्यावर असतं. विषाणू म्हणजे ठिणगी, रक्त म्हणजे कापसाचा वाळकेपणा आणि धूर म्हणजे वारा. हे मी कुणाला सांगितलं नाही. चुकीचं असेल अशी भीती वाटली.

मुकुटबन

आईनं स्टीलच्या डब्यात तिळाचे लाडू भरून दिले होते. परतताना राजूरला उतरून ते मावशीला द्यायचे होते. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. दिग्रसकडे या दिवसांत रस्त्याकडेच्या बाभळींवर कापसाचे पुंजके अडकलेले दिसतात, गाड्यांमधून उडालेले. झरीकडे वळलो तसे ते कमी झाले आणि सागाची झाडं सुरू झाली. पानं वाळून तांबूस झालेली, आणि वाऱ्यानं एकमेकांवर घासून पापड मोडल्यासारखा आवाज. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगण असल्यामुळे बाजारात मराठी बोलता बोलता लोक मध्येच तेलुगू शब्द टाकत होते. जिल्हा आमचाच, पण मला परगावी आल्यासारखं वाटलं.

आमची सोय शाळेच्या एका खोलीत होती. गावातल्या आशा कार्यकर्त्या छायाताई आमच्या आधीच तिथे हजर होत्या. त्यांची काम करायची रीत मला फार आवडली. सभा आहे म्हटलं की बाया येत नाहीत आणि आल्या तर दारात नवरे उभे राहतात, म्हणून त्यांनी हळदीकुंकू ठेवलं होतं. त्याला पुरुष फिरकत नाहीत. आणि त्यांनी विधवांनाही बोलावलं होतं. आमच्याकडे दिग्रसला अजून असं होत नाही. एक म्हातारी दारातच अडखळली, तेव्हा छायाताई म्हणाल्या, "आजी, कुंकू नको लावू वाटलं तं. पण वाण घेतल्याबिगर जाऊ देत नाई मी." वाण होतं चहाची गाळणी.

माझी मैत्रीण रुख्सार कोपऱ्यात फॉर्मचा गठ्ठा सांभाळत बसली होती. तिचे अब्बा दिग्रसला ट्रॅक्टर दुरुस्त करतात. तिच्या हातात एका बाईनं गाळणी आणि तीळगूळ ठेवला नि विचारलं, "तुमच्यात चालते का व?"

"लाडू कोणाच्यात चालत नाई, मावशी?" रुख्सार म्हणाली, आणि लाडू तोंडात टाकून मोकळी झाली. सगळ्या हसल्या. काम तिथून सुरू झालं.

दुपारपर्यंत आम्ही गठ्ठाभर फॉर्म भरले. लग्न किती वयात झालं, बाळंतपणं किती, अंगावरून जातं का, घरात चूल कुठे आहे. मग तंबाखूचे प्रश्न. "तुम्ही बिडी-सिगारेट ओढता का?" नाही. "घरात कोणी ओढतं का?" हो, नवरा. हो, सासरा. हो, दीर. मी पहिल्या प्रश्नापुढे 'नाही'वर खूण करत गेले. एकामागून एक. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, इतकं भरभर काम चाललं होतं.

संध्याकाळी छायाताईंच्या घरी जेवलो. तुरीच्या ओल्या दाण्यांची सोल्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा. आमच्या मेसमध्ये तुरीची डाळ दिसते, दाणे कधी दिसत नाहीत. मी तीन भाकरी खाल्ल्या आणि मग लाजले.

दुसरा दिवस, सुमनबाईचं घर

सकाळी फार गारठा होता. गालाचे नमुने काही खाण्याआधी घ्यायचे असतात, म्हणून आम्ही दोघी सातच्या आतच निघालो. पहिलं घर सुमनबाईचं. काल हळदीकुंकवात ती सगळ्यांत मोकळेपणी बोलली होती. तिचा फॉर्म मीच भरला होता.

थंडीमुळे चूल घरात घेतलेली. दार लोटलेलं. आत धूर इतका की आधी फक्त बांगड्यांचा आवाज आला. मग सुमनबाई दिसली, चुलीपुढे उकिडवी बसलेली. बाजूला घोंगडं पांघरून तिचा सासरा. त्यानं न बोलता एक बिडी पुढे केली. सुमनबाईनं ती घेतली, ओठात धरली, चुलीतलं जळतं लाकूड तोंडाजवळ नेलं आणि गाल आत जाईपर्यंत ओढली. एकदा. बिडी नीट धरली नाही म्हणून आणखी एकदा. टोक लाल झाल्यावर तिनं ती सासऱ्याच्या हातात दिली, तोंड फिरवून धूर सोडला आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, "या ना व पोरीहो, आत या. च्या टाकतो."

मी दारातच उभी. माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, तुम्ही तर काल म्हणाल्या बिडी ओढत नाई म्हणून."

"मी कुठी ओढतो?" तिला खरोखर नवल वाटलं. "मी पेटवून देतो."

"पण आत्ता तुम्ही..."

"बुढ्याचे हात कापतात. काडी धरता येत नाई त्याले. म्हून पेटवून द्या लागते." मग हसून म्हणाली, "ओढणाऱ्या बाया अलग राहतात, माय. मले शौक नाई काई."

"दिवसातून किती वेळा देता पेटवून?" रुख्सारनं विचारलं.

सुमनबाईनं सासऱ्याकडे पाहिलं. म्हातारा पहिल्यांदा बोलला, "मोजली नाई कधी. दिवसाले बिड्यायचा कट्टा संपते."

मी तिचा फॉर्म काढला. त्या 'नाही'वरची माझी खूण किती ठसठशीत होती. सुमनबाई खोटं बोलली नव्हती. आमच्या फॉर्ममध्ये तिच्यासाठी जागाच नव्हती. ओढणारी आणि शेजारी बसणारी, असे दोनच प्रकार आम्ही धरले होते. आयुष्यभर दुसऱ्याची बिडी स्वतःच्या तोंडानं पेटवून देणारी बाई आम्हांला सुचली नव्हती. मला तरी सुचायला हवी होती.

शाळेत जाऊन मॅडमना सांगितलं. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी फॉर्म हातात घेऊन तो प्रश्न पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "खोडू नकोस. बाजूला नवा प्रश्न लिही. 'घरातल्या कुणाला बिडी किंवा चिलीम पेटवून देता का?' आणि पुन्हा प्रत्येकीकडे जायचं. या वेळी एकेकीकडे, सासू नसताना."

दिवसभर तेच केलं. पुन्हा दारात पाहून बाया वैतागल्या. "काल सांगतलं ना सारं!" पण नवा प्रश्न विचारला की बहुतेकींना हसू यायचं. इतकी साधी गोष्ट कुणी कागदावर लिहून घेईल असं त्यांना वाटलं नव्हतं. एक तर म्हणाली, "उन्हाळ्यात तेंदूपान आमीच तोडतो, पुडा आमीच बांधतो, पेटवूनबी आमीच देतो. बाप्या माणसाले निस्तं तोंड हालवा लागते." विनोद चांगला होता. मला मात्र नीट हसता आलं नाही.

कारण सकाळपासून एक आठवण मला सोडत नव्हती. मी सहा-सात वर्षांची असेन. आजोळच्या ओसरीवर आजोबा बसलेले. आजी नव्हतीच तेव्हा, ती मी जन्मायच्या आधी गेली. आजोबांनी हाक मारली की चिमट्यात निखारा धरून नेणं हे माझं काम होतं. मोठ्या हुशारीनं न्यायची मी. मग त्यांच्या गुडघ्याला टेकून चिलमीचा धूर वर जाताना बघत बसायची.

घराण्याचा तक्ता

घराण्याचा तक्ता काढताना बाई म्हणजे गोल आणि पुरुष म्हणजे चौकोन असतो. आजार झालेल्याचा आकार काळा करायचा. सराव म्हणून मॅडमनी प्रत्येकीला आपापल्या घरचा काढायला सांगितलं होतं. मी आजीचा गोल काढला होता आणि तो रिकामा ठेवला होता, कारण ती कशानं गेली हे मला माहीत नव्हतं. 'पोटाच्या दुखण्यानं' एवढंच ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बसून मी आईला फोन लावला. आधी लाडूंची चौकशी झाली. मग मी विचारलं, "आई, आजी कशानं गेली?"

"कायले पाह्यजे तुले?"

"कॉलेजचं आहे."

शिवणयंत्राचा आवाज थांबला. मग आई हळू म्हणाली, "अंगावरून जाये तिच्या. लाल. वर्षभर कोणाले सांगतलं नाई तिनं. मंग कंबर गेली. यवतमाळले नेलं तं डॉक्टर म्हणे, उशीर झाला."

"आजोबांची चिलीम कोण भरून द्यायचं?"

"तेच, तुही आजी. दुसरं कोण देईन? भरून, पेटवून, दोन दम मारून द्याची. असं काहून विचारून राह्यली तू?"

मी पेन्सिलीनं आजीचा गोल काळा केला. तिच्याखाली दोन गोल होते, मावशीचा आणि आईचा. आईच्या खाली माझा.

फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "तू चाललीच हायेस राजूरले तं तुह्या मावशीकडे जरा ध्यान दे. तिचं बंद होऊन चार वर्षं झालेत. दिवाळीत म्हणत होती, पुन्हा जाऊन राह्यलं."

"आई, आणि तू आत्ता सांगते?"

"तिनं शपत घातली होती."

मॅडम आतून आल्या, माझ्या मांडीवरचा तक्ता पाहिला. मी त्यांना मावशीचं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पाळी बंद झाल्यावर रक्त जाणं कधीही साधं समजायचं नाही. तपासून घ्यायला लाव तिला. लवकर."

राजूर

राजूर वणीजवळ, कोळशाच्या खाणीचं गाव. तिथे तुळशीच्या पानावरही बोट फिरवलं तर काळं होतं. मॅडम आणि बाकीच्या मुली पुढे वणीला मुक्कामी गेल्या. मी आणि रुख्सार उतरलो.

मावशीनं दारातच माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मावशी वाळली होती. अंगावर गडद रंगाचं लुगडं, आणि सकाळीच धुतलेलं दुसरंही तसंच दोरीवर. घरामागे जुन्या सुती कापडाचे तुकडे वाळत होते. एरवी ते माझ्या लक्षातही आले नसते.

मावसाजी खाटेवर बसले होते. खाणीतून रिटायर होऊन त्यांना तीन वर्षं झाली. माझ्या ओळखीतला सगळ्यांत गमत्या माणूस. "आली का ढोरायची डॉक्टर? माहा गुडघा पाह्य मंग. मी बी ढोरच हाय, मावशीले इचार तुह्या."

मावशी आतून म्हणाली, "ढोर बरं. बोलत तं नाई."

चहा झाला. मग त्यांनी बिडी काढली आणि न बघता हात आतल्या दाराकडे लांबवला. मावशी आली, बिडी घेतली, शेगडीतल्या निखाऱ्यावर धरून दोन दम मारले आणि परत आणून दिली. दोघांचंही बोलणं मध्ये थांबलं नाही. मी लहानपणापासून हे शंभरदा पाहिलं असेल.

रुख्सारनं माझ्याकडे पाहिलं.

"मावसाजी, तुम्ही स्वतः काहून पेटवत नाई?" मी विचारलं.

ते हसले. "आदतच नाई, बेटा. खदानीत उतरायच्या आधी फाटकावर झडती घेत. बिडी, काडेपेटी, काई नेऊ देत नाई अंदर. वायू राह्यते ना. म्हून मी खिशात काडेपेटी ठेवलीच नाई कधी. पहाटे पाचले तुह्या मावशीनं पेटवून द्याची, दोन दम मारून मी डिवटीवर. वापस आलो का पुन्हा तेच. तिच्या हातची बिडी इझत नाई, हे पाह्य."

ते हे कौतुकानं सांगत होते. मावशीही हसली. त्या दोघांच्या संसारात एकमेकांसाठी मुद्दाम केलेल्या ज्या थोड्या गोष्टी होत्या, त्यांतली ही एक असावी. ते पाहून मला बोलायचा धीरच होईना.

मी मावशीच्या मागे स्वयंपाकघरात गेले. ती वांगं भाजत होती. "मावशी, आईनं सांगितलं मला."

तिचा हात थांबला. "तिले म्या शपत घातली होती."

"तुटली आता. उद्या वणीला चल. सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टर आहेत. मॅडमही येतील."

"मले काई नाई झालं. उष्णता हाय अंगात."

"आजीलाही उष्णताच होती."

हे मी बोलायला नको होतं. मावशीनं वांगं उलटवलं, पुन्हा उलटवलं. मग शेगडीकडे बघतच म्हणाली, "तू शिकली-सवरली हायेस. एक सांग मले. आईचं रगत हाय का हे? का बाहेर बसले त्यायची बिडी?"

मी काय सांगणार होते? रक्त म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, मग लिहिलेलंच आहे, दवाखाना कशाला. आणि चंद्रपूरला दिलेल्या तिच्या मुलीची काळजी तिला आजपासून लागली असती. बिडी म्हटलं असतं तर बाहेर खाटेवर बसलेल्या माणसावर तो आळ गेला असता. बी.एस्सी.ची तीन वर्षं माझ्या काही कामाची नव्हती.

"मला नाही माहीत, मावशी," मी म्हणाले. "खरंच नाही माहीत. मूळ वेगळंच असतं, एक बारीक विषाणू असतो. रक्त आणि धूर दोन्ही त्याला हात देत असतील. तुझ्या अंगात कशानं किती केलं, हे मोठ्या डॉक्टरलाही सांगता येणार नाही. पण कुठवर आलंय, ते तपासलं की कळतं. आजीचं कुणी वेळेत तपासलं नाही. एवढाच फरक आपल्या हातात आहे."

बाहेर खाट करकरली. मावसाजी दारात उभे होते. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. हातातली बिडी विझली होती. ते मावशीला म्हणाले, "कधीपासून जाऊन राह्यलं तुह्यं?"

मावशीनं वांगं शेगडीवरून उतरवलं.

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमाले काय सांगाचं व्हतं? बाईमाणसाचं दुखणं."

ते उंबरठ्यावरच बसले. मग बोलले, पण माझ्याशी, मावशीशी नाही. "फाटकावर आमची झडती घेत, बेटा. एका काडीनं सारी खदान जाते म्हणत. घरी झडती घ्याले कोणीच नव्हतं."

जेवायला बसलो. भरीत नेहमीसारखं झालं होतं, कांद्याची पात घातलेलं. रुख्सार एकटीच म्हणत राहिली, "मावशी, अजून वाढा ना." तिला भूक नव्हती हे मला कळत होतं. शेवटी मावशी तिला भरीत वाढता वाढता म्हणाली, "उद्याच्या गाडीत जागा हाय का तुमच्या?"

वणी

दवाखान्यात रांग होती. मावशीनं दोन वेळा उठून घरी जायचं ठरवलं. पहिल्यांदा शेगडी तशीच राहिली म्हणून, दुसऱ्यांदा तपासायला बाई नसून बाप्या असेल म्हणून. मॅडम आत जाऊन पाहून आल्यावर ती बसली. आत जाताना तिनं माझा हात धरला आणि पडद्यापाशी सोडला.

मी आणि मावसाजी बाहेर बाकावर. त्यांच्या हातात न पेटवलेली बिडी होती, ती ते बोटांमध्ये फिरवत होते. समोर भिंतीवर धूम्रपान मनाईची पाटी होती, पण ते पाटीकडे बघत नव्हते. एकदा म्हणाले, "तुह्या मॅडम म्हणे का रगत आन बिडी, दोन्हीचं राह्यते?"

"हो."

"रगत तं तिच्या आईचं. त्याचं काई करता येत नाई." मग ते पुन्हा बिडी फिरवू लागले.

डॉक्टरबाईंनी तपासून गर्भाशयाच्या मुखाचा बारीक तुकडा काढून घेतला आणि नागपूरला पाठवला. मावशी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता, पण म्हणाली, "येवढंच होतं? यासाठी आई गेली माही?" आजी जिथे वर्षभर पोचली नव्हती, तिथे मावशी पोचली होती. नमुन्यासाठी तिच्या गालाच्या आत काडीही मीच फिरवली. तिनं तोंड उघडलं, तेव्हा लहान मुलीसारखी दिसली. डबीवर नाव नसतं, नंबर असतो. नंबर मी सावकाश, एकेक आकडा करून लिहिला. मॅडमनी डबी घेतली नाही, मी लिहून होईपर्यंत थांबल्या.

परतल्यावर

अहवाल आला. कर्करोगच होता, पण मुखापुरता, सुरुवातीचा. नागपूरला शस्त्रक्रिया झाली, पिशवी काढली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. पुढची काही वर्षं ठरलेल्या वेळी दाखवत राहायचं आहे, म्हणजे काळजी संपलेली नाही. दिग्रसला आईनंही तपासून घेतलं. ती ठीक आहे. मावशीची मुलगी चंद्रपूरला तपासून आली. तक्त्यात मावशीचा गोल मी काळा केला. माझा आणि आईचा पांढरा आहे, पण ते आता पूर्वीसारखे पांढरे दिसत नाहीत.

अभ्यासातून काय निघेल ते मला माहीत नाही. मॅडम म्हणतात, वेळ लागेल आणि कदाचित उत्तर अर्धवटच मिळेल. फॉर्मची नवी छपाई झाली आहे. पेटवून देण्याचा प्रश्न आता छापील आहे.

मागच्या आठवड्यात मी राजूरला जाऊन आले. ऊन चढू लागलं आहे. मावशी खाटेवर टेकून बसली होती, अशक्त, पण तोंडाला चव आलेली. तिला आंब्याचं लोणचं हवं होतं आणि मी आणलं नव्हतं म्हणून बोलणी खाल्ली. चहा मावसाजींनी केला, फार गोड. तो पिऊन झाल्यावर त्यांनी खिशातून बिडी काढली आणि न बघता हात आतल्या दाराकडे लांबवला.

तिथे कुणी नव्हतं. हात तसाच राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला, फळीवरची काडेपेटी शोधली आणि उठून अंगणात गेले. आम्ही दोघी दारातून बघत होतो. वारा होता. पहिली काडी विझली. दुसरी त्यांनी ओंजळीत धरली, तीही विझली. तिसरी ओढतानाच मोडली. तीस वर्षं बिडी ओढलेल्या माणसाला ती पेटवता येत नव्हती.

ते आत आले. बिडी तशीच, कोरी.

"नाई पेटली का?" मावशीनं विचारलं.

"नाई."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा हात खाटेवरून किंचित उचलला गेला होता, सवयीनं, बिडी मागायला. तिनं तो पदराखाली घेतला.

"राहू द्या मंग," ती म्हणाली.